खानावळ बंद पडली त्या वर्षी

दवाखान्यातल्या सिस्टरनी मला विचारलं होतं की नव्याने टीबी निघालेल्या बायकांशी तुम्ही थोडं बोलाल का. मी दोनदा गेले. बाकावर बसलेल्या बायकांना सांगितलं, गोळ्या चुकवू नका, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, माझ्याकडे बघा, मी बरी झाले. सगळं खरंच होतं. पण डोंगर चढून घरी येताना मनात यायचं की जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलंच नाही. तोंडाने ते सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. माझी मोठी मुलगी विजू हिला विचारून लिहिते आहे, कारण यातलं निम्मं तिचं आहे.

आमची खानावळ

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही घाटकोपरला भटवाडीच्या वर, डोंगराच्या उतारावरच्या चाळीत राहायचो. अजून तिथेच आहोत. एक खोली आणि मागे मोरी. ह्यांच्या विक्रोळीच्या कंपनीला आदल्या वर्षी टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर जाऊन बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. शर्ट मीच इस्त्री करायची. तांब्यात शेगडीचे निखारे घालून.

घर चालत होतं ते माझ्या खानावळीवर. खानावळ म्हणजे पाटी वगैरे काही नाही. आमच्याच गावाकडची सहा माणसं, बायकामुलं कोकणात ठेवून इथे नोकरीला आलेली, खालच्या अंगाला एका खोलीत राहायची. संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायची. आठपर्यंत पंगत उठायची. रविवारी बांगड्याचं तिखलं, सोमवारी कुळथाची पिठी, मधल्या दिवशी जे बाजारात स्वस्त असेल ते. त्यातले दळवी सगळ्यात मोठे, एका बँकेत शिपाई. त्यांना मी भावोजी म्हणायची. जेवण चांगलं झालं तर ते काही बोलायचे नाहीत, फक्त भात दुसऱ्यांदा मागायचे.

मला याचा अभिमान होता, हे कबूल करते. नवरा बसून आहे आणि ही सहा माणसांचं करून घर ओढते, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या, ते कानावर पडलं की बरं वाटायचं. हे मुलींसमोर मान खाली घालून जेवायचे. मला दिसायचं. तरी बरं वाटायचं.

खोकला कधी सुरू झाला ते सांगता येणार नाही. आम्ही सगळी रॉकेलच्या स्टोव्हच्या धुरात राहणारी माणसं, खोकला कोणाला नसतो? संध्याकाळचा ताप यायला लागला तेव्हा वाटलं दमणूक असेल. खालून नळाचा हंडा आणताना मध्ये दोनदा टेकावं लागायला लागलं. पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या. विजू त्या वेळी चौदाची, नववीत. तीच म्हणाली, आई, तू रात्रभर खोकतेस, दवाखान्यात जा ना. मी म्हटलं, रविवार होऊ दे. असे बरेच रविवार झाले.

फोटो

शेवटी एकटीच गेले. ह्यांना सांगितलं नाही. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तीन दिवस सकाळची थुंकी डबीत नेऊन दिली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. तरुण होत्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी फोटो खिडकीकडे धरला आणि विचारलं, "घरात कोण कोण आहे?"

मी सांगितलं, हे आणि दोन मुली. एक चौदाची, एक पाचची.

"काम काय करता?"

मी म्हटलं, घरीच असते. खानावळीचं नाव काढलं नाही. का काढलं नाही ते त्याच क्षणी मला माहीत होतं.

मग त्यांनी सांगितलं, टीबी आहे, औषधाने बरा होतो, पण वर्ष-दीड वर्ष घ्यावं लागेल, रोज सुई टोचून घ्यायला यावं लागेल सुरुवातीला. सध्या तरी लहान मुलीला जवळ घेऊन झोपू नका. तोंडावर कपडा ठेवा. मी विचारलं, "जेवणातून होतो का हा?"

त्या म्हणाल्या, "जेवणातून नाही. श्वासातून, खोकल्यातून. बंद खोलीत माणसं जवळ बसली की होतो."

मी त्यातलं पहिलंच वाक्य घेऊन घरी आले. जेवणातून नाही. डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. रस्ताभर मी तेवढंच घोकत होते. दुसरं वाक्य ऐकलंच नाही असं नाही. आमची दहा बाय बाराची खोली, मागे मोरीची खिडकी तीही धुरासाठी अर्धी उघडी, आणि त्यात गुडघ्याला गुडघा लावून बसणारी सहा माणसं. ते मला दिसत होतं. मी ते दिसू दिलं नाही.

ह्यांना घरी आल्यावर सांगितलं.  हे म्हणाले की कोणाला कळू द्यायचं नाही, सुया घे, गोळ्या घे, बरी हो. ह्यांनी मला हे करायला लावलं असं मी कधी म्हणणार नाही. हे बोलले नसते तरी मी तेच करणार होते.

तीन आठवडे

तीन आठवडे मी टीबी घेऊन सहा माणसांना जेवायला वाढलं.

तोंडावर पदर बांधायची. कोणी विचारलं तर म्हणायची, धूर सोसवत नाही हल्ली. खोकल्याची उबळ आली की मोरीत जाऊन पाणी ओतायची, बादली रिकामी असली की तांब्या आपटायची. वाढायला विजूला पुढे करायची. दुपारी दवाखान्यात सुई घेऊन यायची, ती कमरेत इतकी ठणकायची की खाली बसून पोळ्या लाटताना डोळ्यांत पाणी यायचं. गोळ्यांनी अन्नाचा वास नको व्हायचा. बांगडा साफ करताना ओकारी आवरायची.

नंदा, माझी धाकटी, रडायची. तिला माझ्या कुशीत झोपायची सवय. मी तिला विजूकडे ढकलायची, तर पहाटे उठून बघावं तर ती माझ्या पाठीला चिकटलेली. एकदा मी तिला जोरात चापट मारली, पुन्हा जवळ यायची नाहीस म्हणून. ती आली नाही दोन दिवस. तिसऱ्या दिवशी परत आली. मी जागी होते, पण तिला हलवलं नाही. दमले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ती हवी होती.

लोक विचारतात, आजारात भीती कसली वाटली? मरणाची वाटली का? मला पहिल्या दिवसांत मरणाची भीती वाटलीच नाही. महिन्याची अखेर दिसायची. महिना पुरा होईपर्यंत हे रेटलं तर खानावळीचे पैसे हातात पडतील, घरात धान्य येईल, मग पुढच्या महिन्याचं बघू. माणूस एवढं जवळचं बघायला लागतो की त्याला आपल्या पाठीशी झोपलेलं मूल दिसत नाही.

नंदाचा हात

नंदाला बारीक ताप येत होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मुलींना आणायला सांगितलंच होतं, मी टाळत होते. शेवटी नेलं. दोघींच्या हातावर सुई टोचली आणि तीन दिवसांनी दाखवायला सांगितलं. विजूच्या हातावर काही नव्हतं. नंदाच्या हातावर लालभडक फोड उठला होता, रुपयाएवढा. ती तो सगळ्या चाळीला कौतुकाने दाखवत फिरली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सुरुवातीचं आहे, लवकर सापडलं, औषधाने पूर्ण बरी होईल म्हणाल्या. मग विचारलं, "घरात आणखी कोणाचं येणं-जाणं आहे का? खरं सांगा."

मी सांगितलं. सहा माणसं रोज जेवतात. त्या लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. एवढंच. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, त्या सगळ्यांना फोटो काढायला पाठवा, आणि तुमची तपासणी साफ येईपर्यंत खानावळ बंद ठेवा.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा स्वयंपाक केला. शेवटचा म्हणून काही विशेष नाही. डाळ, भात, चवळीची उसळ. माणसं जेवायला बसली, विजूने वाढलं आणि मी दाराबाहेर ओटीवर उभी राहिले. तिथूनच सांगितलं की मला टीबी निघाला आहे, नंदालाही निघाला आहे, तुम्ही सगळ्यांनी फोटो काढून घ्या.

हे आत कोपऱ्यात बसले होते. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

एक जण भरल्या ताटावरून उठला आणि हात न धुताच बाहेर पडला. मागोमाग बाकीचे चौघे. माझ्या बाजूने जाताना प्रत्येकाने श्वास रोखला होता, ते मी बघितलं. दळवी तसेच बसून राहिले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कधी कळला तुमका?"

"तीन आठवडे झाले, भावोजी."

त्यांनी मान हलवली. ताटातला भात संपवला. ताट उचलून मोरीत नेलं, स्वतः घासलं आणि उपडं घातलं. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे कधी ताट घासलं नव्हतं. मग चपला घालून गेले.

मी आत आले तेव्हा हे म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं सांगायला?"

मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी.

"आता काय खायचं? तुझं खरं बोलणं?"

ह्या माणसाने मला जन्मात कधी वाईट शब्द वापरला नव्हता, आणि हा शब्दही तसा वाईट नव्हता. पण दोन्ही मुली ऐकत होत्या. पाच ताटांत अन्न तसंच होतं. ते टाकून द्यावं लागलं.

रक्त

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. चाळीत बातमी पसरली. नळावर माझा हंडा कोणी पुढे सरकवेना, मला रांगेत उभं राहायलाही बायका नको म्हणायला लागल्या, म्हणून विजू पहाटे उठून पाणी भरायची. शेजारच्या मावशी दारात भाजी ठेवून जायच्या, हाक मारायच्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरात लहान मुलं होती.

एका सकाळी खोकताना तोंड भरून रक्त आलं. मी हाताची ओंजळ धरली आणि ओंजळ भरली. विजू पोळी भाजत होती, तिने तवा खाली उतरवला, स्टोव्ह बंद केला, आणि मगच ओरडली. एवढीशी पोर, पण आधी स्टोव्ह बंद केला. हे मला पाठीवर घेऊन डोंगर उतरले. खाली टॅक्सी थांबेना, कारण माझ्या लुगड्यावर रक्त होतं. तेव्हा मात्र मला मरणाची भीती वाटली. ह्यांच्या मानेला घाम होता आणि हे काहीतरी पुटपुटत होते. नंतर मी विचारलं, काय म्हणत होतात? म्हणाले, काही नाही, पायऱ्या मोजत होतो.

वॉर्ड

टीबीच्या मोठ्या इस्पितळात मी तीन महिने होते.

सकाळी सहाला सिस्टर थर्मामीटर घेऊन यायची. मग सुई, मग गोळ्या. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, पहिल्या दिवशी मी घाबरून बोंब मारली तर सगळा वॉर्ड हसला. दुपारी झोप सक्तीची. चार वाजता भेटायची वेळ. बारा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नव्हते, म्हणून नंदा मला तीन महिने दिसली नाही. हे सांगायचे, गोळी गुळात घालून देतो, खाते, बरी आहे.

त्या तीन महिन्यांत मला सगळ्यात छळलं कशाने, तर सकाळच्या नाश्त्याने. प्रत्येक पेशंटला एक उकडलेलं अंडं, एक पेला दूध आणि पाव मिळायचा. मी आयुष्यात कधी रोज अंडं खाल्लं नव्हतं. घरी नंदाला डॉक्टरांनी दूध आणि अंडं द्यायला सांगितलं होतं, आणि घरी पेज शिजत होती. आजारी पाडलं मी, आणि अंडं खाणार मी. घास फिरायचा तोंडात.

म्हणून मी अंडी लपवायला लागले. सोललेली नाहीत, सालासकट, उशीखाली. चारला हे आले की पिशवीत टाकायची, नंदाला द्या म्हणायची. हे आधी नको म्हणाले, मग न्यायला लागले. सहा-सात दिवसांनी सिस्टरनी पकडलं. सगळ्यांसमोर उशी उचलली. "ताई, हे अंडं नाहीये, औषध आहे. आणि ह्या वॉर्डातली वस्तू लहान मुलाला पाठवतेस? अजून किती आजार द्यायचा आहे तिला?"

त्यानंतर माझ्यासमोर उभं राहून मी अंडं खाल्लं की नाही ते ती बघायची. रोज. मी गिळायची.

शेजारच्या खाटेवर गोराईची मेरी होती. तिच्या घरची मासेमारी. फुप्फुसाचा एक भाग काढायचा होता म्हणून थांबली होती. तिच्याकडे कोणी येत नव्हतं. खाडी ओलांडून येणं लांब पडतं, असं ती सांगायची, पण पहिल्या महिन्यात यायचे म्हणे. मेरी स्वतःचं सगळं खायची आणि ज्या बायकांना जात नसे त्यांचं पण मागून खायची. मला वाटायचं, काय ही बाई, लाज नाही. अंड्याच्या प्रकरणानंतर मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने माझ्या खाटेच्या लोखंडावर चमचा वाजवला आणि म्हणाली, "उपाशी राहून पोरीला काय देशील गो? मढं?"

 दुसऱ्या दिवशीपासून माझ्या गळ्याखाली घास उतरायला लागला. मेरीला पुढे ऑपरेशनसाठी दुसऱ्या इमारतीत नेलं. मी दोनदा चौकशी केली. तिथल्या कारकुनाने वही बघून सांगितलं की नाव सापडत नाही. तिचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही.

विजूची बोटं

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

विजू दर पंधरा दिवसांनी रविवारी भेटायला यायची. मी विचारायची, शाळा काय म्हणते? ती म्हणायची, चाललंय. ह्यांना विचारलं तर हेही म्हणायचे, जाते, जाते. मला बरं वाटायचं. निदान एवढं तरी माझ्यामुळे मोडलं नाही.

दुसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा तिने माझे केस विंचरायला घेतले. तिची बोटं मानेला लागली आणि मला खरखरीत लागलं. मी तिचा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांवर वाळलेल्या डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं होतं, कडक, आणि खालची कातडी सोललेली होती. आमच्या डोंगराच्या खाली एक गाळा होता, तिथे खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचं काम चालायचं. चाळीतल्या पोरी जायच्या. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. त्या सगळ्या पोरींची बोटं अशीच असायची. मी हजारदा बघितली होती.

विजूने हात काढून घेतला नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी विचारलं, "मराठीचा कुठला धडा चालू आहे?"

ती जरा थांबली आणि कुठल्याशा धड्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, छान. आणि हात सोडला.

मला कळलं होतं. ती शाळेत जात नाही, गाळ्यावर जाते, आणि नंदाचं दूध त्यातून येतं, हे सगळं मला त्या एका क्षणात कळलं. मी विचारू शकले असते. विचारलं असतं तर तिला खरं सांगावं लागलं असतं, आणि तिने खरं सांगितलं असतं तर आई म्हणून मला म्हणावं लागलं असतं, उद्यापासून शाळेत जा. आणि मग घरात काय आलं असतं? मी खाटेवर, हे गेटवर. म्हणून मी विचारलं नाही. न कळल्यासारखं केलं. धड्याचं नाव विचारून तिला खोटं बोलायला वाट करून दिली.

नंतर ती येत राहिली, मी विचारत राहिले, शाळा काय म्हणते, ती सांगत राहिली, चाललंय. आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत होतो असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आजाराने माझी हाडं काढली, पण आजाराने मला गप्प बसवलं नव्हतं. ते मी केलं.

घरी

घरी आले तेव्हा नंदाने मला ओळखायला वेळ घेतला. मग लांब उभी राहून विचारलं, "आता मारणार नाहीस ना जवळ आले तर?" डॉक्टरांनी आता चालेल सांगितलं होतं. मी तिला घेतलं. तिचं वजन वाढलं होतं. तिची औषधं वर्षभर चालली आणि ती पूर्ण बरी झाली. आता चौथीत आहे, डोंगर धावत चढते.

मी येऊन आठ-दहा दिवस झाले असतील, दळवी आले. दारातच उभे राहिले. मी आत बोलावलं, आले नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही घेतला नाही. म्हणाले, "वैनी, तुमच्या मनाक लागान ऱ्हवला आसतला म्हणान सांगूक इलंय. आमी सगळ्यांनी फोटो काढले. दोन-दोन वेळा काढले. कोणाक काय नाय."

मी पुन्हा तांब्या पुढे केला. ते म्हणाले, "येतंय," आणि उतरायला लागले. पुन्हा कधी आमच्याकडे आले नाहीत. पण तेवढं सांगायला एवढा डोंगर चढून आले. वर्षभराच्या औषधांत मला कशाने बळ आलं असं कोणी विचारलं तर मी हे सांगेन.

ह्यांची कंपनी उघडली नाही. मी इस्पितळात असतानाच ह्यांनी गेटवर जाणं सोडलं आणि मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. बारा तास उभं राहायचं. ज्या दिवशी युनिफॉर्म मिळाला त्या दिवशी तो घालून घरी न येता पिशवीत लपवून आणला, हे मला विजूने सांगितलं. एकदा जेवताना हे म्हणाले की त्या संध्याकाळी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, मला आठवतही नाही. आम्हा दोघांनाही ते शब्दन् शब्द आठवत होतं.

खानावळ पुन्हा सुरू केली नाही. तपासणी साफ आली, कागद मिळाला, पण टीबीवालीच्या हातचं खायला कोण येणार? आणि आलं असतं तरी माझ्याच्याने वाढणं झालं नसतं. मी आता घरी बसून साड्यांना फॉल लावते.

मागच्या दिवाळीत

विजू शाळेत परत गेली नाही. मी घरी आल्यावर एकदा विषय निघाला, ती म्हणाली, आता वर्ष गेलंच आहे, कशाला. हे काही बोलले नाहीत, मीही नाही. ती आता एकोणीस वर्षांची आहे. अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात जाते. हसतीखेळती मुलगी आहे, घरात कोणाला कधी टोचून बोलली नाही.

मागच्या दिवाळीत आम्ही दोघी करंज्या भरत होतो. हे ड्युटीवर, नंदा खाली खेळत होती. मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "विजू, तू गाळ्यावर जात होतीस, ते मला तेव्हाच कळलं होतं. इस्पितळात. तुझी बोटं बघून."

ती करंजी दुमडत होती. म्हणाली, "मला माहीत आहे गं."

"माहीत होतं?"

"तू हात धरलास तेव्हाच समजलं मला. वाटलं, आता विचारशील." तिने कड दाबली. "मग पुढच्या खेपेला वाटलं. तू प्रत्येक वेळी शाळा काय म्हणते विचारायचीस ना, तेव्हा वाटायचं, आज खरं विचारशील."

मी म्हटलं, "मी विचारलं असतं तर तू परत गेली असतीस?"

"नाही. जाऊन चाललं नसतं. पण तू विचारायला हवं होतंस."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला, असू दे आई, म्हणावं लागलं असतं, आणि तिने माझ्यासाठी आधीच पुष्कळ केलं होतं. मी फक्त विचारलं, "आता सांगशील?"

तिने सांगितलं. तासभर सांगत होती. कसं पहिल्या दिवशी दप्तर घेऊनच निघाली आणि गाळ्याच्या पायरीपर्यंत जाऊन परत फिरली. कसं तिने पुस्तकं खालच्या आळीतल्या एका मुलीला देऊन टाकली आणि इतिहासाचं तेवढं ठेवलं. 

शेवटी म्हणाली, बाई महिनाभर तिचं नाव हजेरीत पुकारत होत्या. शेजारच्या बाकावरची मैत्रीण संध्याकाळी गाळ्यापाशी येऊन सांगायची, विजू, आज पण बाईंनी तुझं नाव घेतलं. रोज यायची सांगायला. मग एक दिवस ती आली, थोडा वेळ उभी राहिली, इकडचं तिकडचं बोलली, आणि नावाचं काही न सांगता गेली.